वेदीपर्यंतची रांग

रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायची वेळ झाली की आमच्या बाकावर एक छोटी कवायत होते. आतल्या बाजूचे लोक उठतात, मधल्या वाटेवरच्या रांगेकडे सरकतात, आणि माझी मावशी बसल्या जागी गुडघे तिरपे करून त्यांना वाट देते. पर्स मांडीवर, नजर पुढच्या बाकाच्या फळीवर. जाताना एकदा, परतताना एकदा.

मावशीचा पहिला संसार दीड वर्षात मोडला. कोर्टातून घटस्फोट मिळाला. पण कॅथलिक माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. चर्चच्या न्यायालयाकडून ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरवून घ्यावं लागतं. तिने अर्ज केला होता. साक्षीदार हवे होते. एक आखातात, एक वारलेला. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. शेवटी तिने रजिस्टर पद्धतीने दुसरं लग्न केलं. त्या दिवसापासून चर्चच्या लेखी ती पहिल्याचीच बायको आहे आणि दुसऱ्याच्या घरात राहते आहे, म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद नाही. तिला कुणी रांगेतून बाहेर काढलं नाही. तिनेच उठणं सोडलं. बाहेर काढायची वेळच येऊ द्यायची नाही, हे मोठ्या संस्थांना फार छान जमतं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या पत्रात सुचवलं, की अशा लोकांना काही प्रसंगी संस्कारांचीही मदत देता येईल. कुठे सुचवलं, तर तळटिपेत. क्रमांक ३५१. त्या तळटिपेवरून जगभरचे बिशप एकमेकांशी भांडले. आमच्या बाकापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

मावशीसारख्यांना सरळ 'या, रांगेत उभ्या राहा' म्हणणारी कॅथलिक चर्चेस जगात आहेत, हे मला बरंच उशिरा कळलं. रोमच्या अधिकाराबाहेरची, पण मिस्सा तीच, वेदी तीच, मारिया तीच. घटस्फोटित, पुनर्विवाहित, समलिंगी जोडपी, दुसऱ्या पंथाचे पाहुणे, सगळ्यांना प्रसाद. वेदीवर स्त्री धर्मगुरूही असू शकते. आमच्याकडे हे ऐकलं की पहिला प्रश्न येतो, 'मग ते कॅथलिक कसे?' प्रश्न रास्त आहे. त्यावरची दोन्ही बाजूंची नेहमीची उत्तरं मात्र मला पटत नाहीत.

आधी एक खरं चर्च बघू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ सरोवराच्या काठी रॉचेस्टर शहर आहे. कोडॅक कॅमेऱ्याचं गाव. तिथल्या कॉर्पस ख्रिस्ती धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जेम्स कॅलन नावाचे फादर १९७६ साली आले. ओसरलेलं धर्मग्राम होतं. त्यांच्या काळात ते भरलं. बेघरांसाठी निवारा, तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम, गरिबांसाठी दवाखाना असं बरंच काही तिथे उभं राहिलं. त्याबरोबरच तीन गोष्टी घडत होत्या. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद मिळत होते, प्रॉटेस्टंट पाहुण्यांनाही ख्रिस्तप्रसाद मिळत होता, आणि मेरी रॅमरमन नावाची विवाहित प्रापंचिक बाई फादरांशेजारी वेदीपाशी उभी राहून प्याला उंचावत होती. तिच्या गळ्यात अर्धा स्टोल असे. धर्मगुरूच्या गळ्यातला तो लांब पट्टा पुरा घातला तर गुरुदीक्षेचा दावा झाला असता, म्हणून अर्धा. मला या सगळ्या गोष्टीतला हा अर्धा स्टोल फार आवडतो. नियम मोडायचाही आहे आणि मोडल्याची लाजही वाटते आहे, अशा अवस्थेत कित्येक भली माणसं आयुष्य काढतात. कापडाचा एक तुकडा ते सगळं सांगून जातो.

१९९८ मध्ये वरून हुकूम आला आणि कॅलन यांना तिथून हलवण्यात आलं. त्यानंतर रॅमरमन यांनाही कामावरून काढलं. एरवी अशा गोष्टी इथेच संपतात. पत्रकं निघतात, सह्या होतात, नवे फादर येतात, लोक चार महिने कुरकुरतात आणि पुढच्या सणाच्या तयारीला लागतात. रॉचेस्टरमध्ये तसं झालं नाही. शेकडो माणसं उठली आणि १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांनी वेगळी मिस्सा सुरू केली. धर्मप्रांताने जाहीर केलं, की या लोकांनी स्वतःला चर्चबाहेर काढून घेतलं आहे. त्यांनी नाव घेतलं स्पिरिटस ख्रिस्ती. स्वतःची इमारत नव्हती, तर एका प्रेस्बिटेरियन चर्चची जागा वापरली. १७ नोव्हेंबर २००१ ला शहरातल्या ईस्टमन थिएटरमध्ये सुमारे ३,००० लोकांसमोर पीटर हिकमन या ओल्ड कॅथलिक, म्हणजे रोमपासून फुटलेल्या शाखेच्या बिशपांनी मेरी रॅमरमन यांना गुरुदीक्षा दिली. स्टोल पुरा झाला.

आता तो प्रश्न. हे कॅथलिक कसे?

रोमचं उत्तर सोपं आहे: नाहीत. पोपशी नातं तुटलं की संपलं. पण गंमत अशी, की रोमच्याच धर्मशास्त्रात या मंडळींना मागचं दार उघडं आहे. उत्तर आफ्रिकेत, पतित धर्मगुरूंचे संस्कार खोटे मानणाऱ्या डोनेटिस्ट पंथाशी झालेल्या वादात संत ऑगस्टीन यांनी मांडलं होतं, की संस्कार हा देणाऱ्याच्या मालकीचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. म्हणून चर्चपासून फुटलेल्या बिशपानेही रीतसर डोक्यावर हात ठेवून हस्तारोपण केलं तर गुरुदीक्षा होते. बेकायदा होते, पण होते. हिशेबच करायचा तर प्रेषितांपासून हातावरून हात चालत आलेली साखळी कुठे तुटली का, एवढंच बघायचं. स्त्रियांच्या बाबतीत मात्र रोम ही सवलत देत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये लिहिलं, की स्त्रियांना गुरुदीक्षा द्यायचा अधिकारच चर्चला नाही. म्हणजे रॅमरमन यांची दीक्षा रोमच्या लेखी बेकायदासुद्धा नाही, ती झालेलीच नाही.

या साखळीपायी स्वतंत्र चर्चचे बिशप वंशावळी जपतात. आमच्याकडे सोयरीक जमवताना घराण्याची मुळं काढतात, तसं. मला अमुक यांनी अभिषेक केला, त्यांना तमुक यांनी, असं करत मागे जायचं. युरोपातल्या बहुतेक वंशावळी नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला पोचतात. तिथल्या धर्मगुरुमंडळाने रोमची परवानगी न घेता कॉर्नेलियस स्टीनोव्हन यांना आर्चबिशप निवडलं आणि १७२४ मध्ये डॉमिनिक व्हार्ले या फ्रेंच बिशपांनी त्यांना अभिषेक केला. व्हार्ले नेमलेले होते बॅबिलॉनचे, म्हणजे इराणकडचे. रोमने निलंबित केल्यावर राहत होते हॉलंडमध्ये. पुढे १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने पोपची अस्खलनीयता (श्रद्धेच्या निर्णयात पोप चुकू शकत नाही) हा श्रद्धेचा भाग ठरवला तेव्हा ते न मानणारे जर्मन, स्विस, ऑस्ट्रियन कॅथलिक उत्रेख्तशी जोडले गेले. तेच ओल्ड कॅथलिक. २४ सप्टेंबर १८८९ ला त्यांचा जाहीरनामा निघाला. (२४ सप्टेंबर ही सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचीही तारीख, साल १८७३. योगायोगाला अर्थ चिकटवायचा नसतो, पण मध्यस्थाशिवाय देवापर्यंत जाता येतं का, हा प्रश्न त्या काळात पुण्यातही विचारला जात होता एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.)

अमेरिकेतल्या अनेक स्वतंत्र बिशपांच्या वंशावळी मात्र दुसऱ्याच वाटेने जातात, आणि ती वाट आपल्या अंगणातून जाते. वर वर चढत गेलं की एक नाव लागतं: अल्वारेस, गोवा.

आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर अल्वारेस. जन्म १८३६, वेर्णा, साष्टी. कॅथलिक ब्राह्मण घराणं. फादर झाले आणि वर्तमानपत्रं काढू लागले. एकाचं नाव 'क्रूस', दुसऱ्याचं 'सत्य'. पोर्तुगीज सत्तेवर आणि आर्चबिशपांवर इतकी टीका की वर्तमानपत्रांवर बंदी आली. हा राग कुठून आला हे समजायला थोडं मागे जावं लागतं. गोव्याच्या फादरांना वरची पदं न मिळण्याचं दुखणं जुनं होतं. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो यांना १६३७ मध्ये रोमने बिशप केलं, तरी गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना मानलं नाही. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखलं जाणारं बंड फसलं. पकडलेल्या ४७ जणांत १७ फादर होते. हे रक्त अल्वारेस यांच्या शाईत उतरलं होतं.

निमित्त मात्र वेगळंच झालं. भारतात आणि सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या: पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा हक्क, आणि प्रॉपगांडा, म्हणजे रोमचं मिशनकामाचं खातं. मुंबईच्या जुन्या कॅथलिक घरांत हे शब्द अजून भांडणासकट आठवतात, कारण एकाच वस्तीत पाद्रोआदोचं चर्च वेगळं आणि प्रॉपगांडाचं वेगळं असे. १८८६ मध्ये रोम आणि लिस्बन यांनी आपसात वाटणी केली. सिलोनमधली गोव्याच्या फादरांची चर्चेस प्रॉपगांडाच्या युरोपीय मिशनऱ्यांकडे गेली. तिथल्या काही गावांतल्या लोकांनी ऐकलं नाही. आमची चर्चेस आमच्या आज्यापणज्यांनी बांधली, आम्हाला आमचे गोव्याचे फादर हवेत, म्हणाले. त्यांचा पुढारी होता लिस्बोआ पिंटो नावाचा गोवेकर डॉक्टर. याच माणसाने १८९३ मध्ये कोलंबोतल्या छापखाना कामगारांच्या संघटनेचं अध्यक्षपद घेतलं. चर्चमधली बंडखोरी आणि गिरणी-कारखान्यातली बंडखोरी एकाच घरात राहू शकते, हे आपण विसरलो आहोत.

या लोकांना बिशप हवा होता. अल्वारेस केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चकडे गेले. सीरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख असलेल्या अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कांची संमती मिळाली आणि जुलै १८८९ मध्ये कोट्टयमला त्यांना अभिषेक झाला. नाव अल्वारेस मार ज्युलियस. अभिषेक करणाऱ्यांत परुमलाचे मार ग्रेगोरिओस होते, आज केरळात ज्यांच्या कबरीवर लाखो लोक जातात ते. उत्रेख्तचा जाहीरनामा निघायला अजून दोन महिने अवकाश होता.

इथे एक विसंगती कबूल करायला हवी. सिलोनचं बंड सुरू झालं ते पोर्तुगीज राजाचा हक्क टिकावा म्हणून. लोक 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' म्हणत उठले नव्हते. एका परक्याऐवजी दुसरा, सवयीचा परका त्यांना हवा होता. स्वातंत्र्य नंतर आलं, दोघांनीही दार लावल्यावर. मला यात काही कमीपणा वाटत नाही. रॉचेस्टरच्या लोकांनाही वेगळं व्हायचं नव्हतं. त्यांना आपले फादर परत हवे होते. स्वतंत्र चर्चचा इतिहास लिहिणारे त्याला पहिल्या दिवसापासून तत्त्वाचा मुलामा देतात, तो खरवडला की खाली बहुधा एखाद्या गावाचा साधा हट्ट निघतो.

गोव्यात परतल्यावर अल्वारेस यांचे हाल झाले. बिशपचा वेष केला म्हणून पणजीत अटक झाली, अंगावरची धर्मवस्त्रं उतरवून घेतली, खटला भरला. न्यायालयाने सोडून दिलं. पुढची वर्षं त्यांनी कॉलऱ्यावरच्या उपचारांची पुस्तिका काढण्यात, पणजीत निराधारांसाठी घर चालवण्यात आणि त्या घरासाठी भीक मागण्यात घालवली. बिशप असलेला माणूस रस्त्यावर हात पसरत होता. २३ सप्टेंबर १९२३ ला ते रायबंदरच्या इस्पितळात वारले, रोमशी समेट न करता.

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना मांडवीच्या कडेने रायबंदर लागतं. चोडणची फेरी सुटते ते. पर्यटकांच्या बसेस तिथे थांबत नाहीत, त्यांना पुढे सेंट झेवियरच्या शवपेटीकडे जायचं असतं. अल्वारेस यांचे अवशेष रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. ते मुख्यतः केरळी मंडळींचं चर्च. ज्या माणसाने गोवेकर फादरांच्या मानासाठी जन्म घालवला त्याची आठवण गोव्यात मल्याळी माणसं ठेवतात.

आणि अमेरिका? २९ मे १८९२ ला कोलंबोत अल्वारेस यांनी दोन मलंकारा बिशपांसह एका फ्रेंच-अमेरिकन फादरला अभिषेक केला. जोसेफ रने व्हिलात, विस्कॉन्सिनमध्ये बेल्जियन वसाहतकऱ्यांत काम करणारा. त्याला कुठलाच बिशप अभिषेक द्यायला तयार नव्हता, म्हणून तो जहाजाने इतक्या लांब आला. व्हिलात हा अस्वस्थ, थोडा फिरस्ता, थोडा बनेल असा गृहस्थ. त्याने पुढे पुष्कळांना बिशप केलं, मोठमोठ्या पदव्या लावल्या, अखेर १९२५ मध्ये रोमशी समेट केला आणि व्हर्सायजवळच्या मठात वारला. सीरियन पॅट्रिआर्कपीठाने १९३८ मध्ये त्याच्या सगळ्या वंशावळीपासून हात झटकले.

पण त्याने केलेल्या बिशपांत एक होते जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर. अँटिग्वा बेटावरचे, काळे, एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चमध्ये फादर. तिथे गोऱ्या बिशपांनी काळ्यांना वेगळं बसवायचे घाट घातलेले त्यांनी जवळून पाहिले होते. मार्कस गार्वी यांच्या काळ्यांच्या चळवळीत ते गेले, आणि १९२१ मध्ये शिकागोला व्हिलातकडून अभिषेक घेऊन त्यांनी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च काढलं. तिथून ते दक्षिण आफ्रिकेला पोचलं, युगांडाला पोचलं. सॅन फ्रान्सिस्कोतलं जॅझवादक जॉन कोल्ट्रेन यांना संत मानणारं चर्चसुद्धा १९८२ मध्ये याच आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चला जोडलं गेलं. तिथे मिस्साला सॅक्सोफोन वाजतो. वेर्ण्याच्या एका चिडखोर संपादकाचा हात कुठल्या कुठल्या डोक्यांवर पोचला बघा.

आता माझं म्हणणं. ही वंशावळ मला मोहवते, हे वरच्या परिच्छेदांत दिसलंच असेल. तरी 'तुम्ही कॅथलिक कसे' या प्रश्नाला वंशावळ हे उत्तर मला मान्य नाही. तेच नाणं रोम वाजवतं आणि स्वतंत्र बिशपही वाजवतात. व्हिलातची साखळी कागदावर अखंड होती, तरी त्याच्या मागे माणसं टिकली नाहीत. अमेरिकेत आजही असे स्वतंत्र बिशप आहेत ज्यांच्याकडे उंच टोपी आहे, दंड आहे, वंशावळीची चौकट भिंतीवर आहे, आणि रविवारी समोर पाच खुर्च्या. मला वाटतं विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आधी माणसं आली की आधी टोपी आली?

सिलोनच्या गावांत आधी माणसं होती, त्यांनी बिशप शोधला. उत्रेख्तमध्ये आधी मंडळाने निवड केली, अभिषेक करणारा मागून मिळाला. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये १८९७ साली पोलिश खाणकामगारांनी स्वतः बांधलेल्या चर्चच्या मालकीवरून फारकत घेतली. बिशप पुढे दहा वर्षांनी. फिलिपीन्समध्ये १९०२ मध्ये स्पॅनिश मठाधिकाऱ्यांना कंटाळलेल्या लोकांनी आग्लिपाय यांना प्रमुख केलं. रॉचेस्टर त्याच जातीचं. या सगळ्या ठिकाणी बाप्तिस्मे, लग्नं, मयतं एकत्र केलेली माणसं एकत्र उठली. सर्वांना कवेत घेणारी, हा 'कॅथलिक' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ अशा समूहाला लावायला रोमची पावती लागते असं मला वाटत नाही. ते मूळ मातीतलं आहे. वंशावळ ही नंतर काढलेली सातबाऱ्याची नक्कल.

मात्र एवढ्याने ते चर्च सर्वसमावेशक होत नाही. स्क्रँटनचं पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च घ्या. पूर्ण स्वतंत्र, लोकांनी उभारलेलं. तरी स्त्रियांच्या गुरुदीक्षेला त्याचा विरोध, इतका की युरोपातल्या ओल्ड कॅथलिकांनी स्त्रियांना दीक्षा दिल्यावर (जर्मनीत पहिल्यांदा १९९६ मध्ये) ते २००३ मध्ये उत्रेख्तच्या संघातून बाहेर पडलं. परक्या बिशपाची सत्ता गेली, आपल्या बिशपाची आली, बाकावर गुडघे वळवणाऱ्या बाईच्या दृष्टीने फरक काय पडला? उलट फिलिपीन्सच्या चर्चने १९९७ मध्ये स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१९ मध्ये एमेलिन दाकुइकुइ यांना बिशप केलं. स्वातंत्र्याने दार आपोआप उघडत नाही. उघडायची मुभा मिळते, कडी कुणीतरी काढावी लागते.

याच ठिकाणी समावेशक मंडळींचाही एक लबाडपणा मला टोचतो. आम्ही जुन्या, अविभक्त चर्चच्या श्रद्धेकडे परत जातो आहोत, असं ती सांगतात. १८८९ च्या जाहीरनाम्यात लेरँच्या व्हिन्सेंटचं जुनं सूत्र आहे: जे सर्वत्र, सर्वकाळ, सर्वांनी मानलं ते खरं कॅथलिक. निकेयाचा विश्वासांगीकार, सात संस्कार, ख्रिस्तप्रसादातली ख्रिस्ताची उपस्थिती, बिशपांची परंपरा हे सगळं त्या सूत्रात बसतं. पोपची अस्खलनीयता त्याने गळते, हेही खरं. पण स्त्री धर्मगुरू त्या सूत्रात कुठे बसते? समलिंगी विवाह? प्रामाणिक माणसाने म्हणावं, की इथे आम्ही जुन्याकडे परत गेलेलो नाही. समोर बसलेल्या माणसांकडे बघून आमच्या सद्सद्विवेकाने नवा निर्णय घेतला. त्यात लाजायचं काय आहे? मूळ घट्ट आहे म्हणून फांदीने मुळासारखंच दिसावं असा नियम नाही. प्रत्येक नव्या गोष्टीला पुराणातला आधार शोधायची खोड आपल्याकडेही आहे. आधार सापडला नाही तर ती गोष्ट सोडायची का, याचं उत्तर तेव्हा कुणी देत नाही.

दुसरी शंका जास्त गंभीर, आणि ती रोमनिष्ठ लोक घेतात तेव्हा मी गप्प बसते. वर कुणी नसेल तर फादरला जाब कोण विचारणार? एका ठिकाणी निलंबित झालेला धर्मगुरू दुसऱ्या स्वतंत्र बिशपाकडे जाऊन महिन्याभरात वेदीवर उभा राहू शकतो. पैशांचा हिशेब, मुलांची सुरक्षितता, कुठे तक्रार करायची? बोस्टनमध्ये २००२ साली फादरांनी केलेलं मुलांचं लैंगिक शोषण बाहेर आलं, त्यावरून वर बिशप असला म्हणून मुलं सुरक्षित राहतात असंही म्हणता येत नाही. तिथे वरच्यांनीच अशा फादरांना या धर्मग्रामातून त्या धर्मग्रामात फिरवलं होतं. तरीसुद्धा मोठ्या संस्थेला दोषी ठरवता येतं, तिच्याकडे दफ्तर असतं, कोर्टात खेचता येतं. भाड्याच्या सभागृहात दुपारी मिस्सा करणाऱ्या तीस माणसांच्या चर्चला दफ्तर नसतं. दार सताड उघडं ठेवणाऱ्यांनी वहीसुद्धा तितकीच उघडी ठेवायला हवी. ज्या स्वतंत्र धर्मग्रामात निवडून आलेली प्रापंचिकांची समिती फादरला कामावरून काढू शकते, तिथे माझा विश्वास बसेल. 'सर्वांचं स्वागत' अशी पाटी आणि आत एकाच माणसाची मर्जी, असं असेल तर नको.

आपल्याकडे असं चर्च निघेल का? इथे प्रश्न नुसता घटस्फोटितांचा नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत बांधलेली होती, तिच्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. तमिळनाडूतल्याच एरायूरला दलित ख्रिस्ती लोकांनी स्वतःचं वेगळं धर्मग्राम मागितलं आणि २००८ मध्ये प्रकरण पोलीस गोळीबारापर्यंत गेलं. गोव्यात अमुक कॉन्फ्रारिया (चर्चमधलं भाविकांचं मंडळ) अमुकांचीच, फेस्ताला मान कुणाचा, यावरून गावं कोर्टात गेली आहेत. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ साल उजाडलं. एरायूरच्या लोकांची मागणी मला नीट लक्षात राहिली आहे. त्यांना रोम सोडायचं नव्हतं. आपलं चर्च हवं होतं, जिथे आपली रांग पहिली असेल.

समावेशाचं काम रोमच्या आत राहून करावं की बाहेर पडून, या वादात मी बाहेर पडलेल्यांच्या बाजूची आहे. त्यांच्यामुळे आतल्यांना हलावं लागतं म्हणून. २०२३ च्या डिसेंबरात रोमने समलिंगी जोडप्यांना साधा, विधीविना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. रॉचेस्टरच्या फादरांना त्याच्या पंचवीस वर्षं आधी अशाच आशीर्वादांपायी हलवलं गेलं होतं. त्यांची आठवण त्या पत्रात काढलेली नाही, आणि काढली जाणारही नाही.

हे सगळं मी एका रविवारी मिस्सा संपल्यावर मावशीला सांगत होते. ती चर्चच्या आवारातल्या नळावर पाय धूत होती. पाऊस होता, चिखल उडालेला. अर्धा स्टोल, कोलंबो, सॅक्सोफोन, सगळं ऐकलं. सॅक्सोफोनला हसली. मग म्हणाली, "बाय, तुझं चर्च चांगलं आहे. पण माझे आईबाप इथल्या सिमेंटरीत आहेत. मी भाड्याच्या हॉलात कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "अगं, बाराजणी मिळाल्या तरी पुरे. तुझ्यासारख्या आहेत की गावात."

"आहेत," ती म्हणाली. "सगळ्या मागच्या बाकांवर बसतात. एकमेकींकडे बघत नाही आम्ही."

गेल्या पावसाळ्यापासून तिने जागा बदलली आहे. बाकाच्या अगदी आतल्या टोकाला, भिंतीला खेटून बसते. तिथे कुणाला वाट द्यावी लागत नाही.